रणांगणावरचा शल्यगुरू

१८ जून १८१५ ची रात्र. वॉटर्लूच्या मैदानावर नेपोलियनचे साम्राज्य संपले होते आणि फ्रान्सच्या सीमेकडे पळत सुटलेल्या सैन्याच्या मागावर प्रशियाचे घोडेस्वार होते. त्यांच्या हाती एक ठेंगणा, पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा फ्रेंच माणूस लागला. तलवारीच्या वारांनी तो जखमी झाला होता. त्याच्या अंगावरचा राखी कोट पाहून हा खुद्द नेपोलियनच असावा, असा काहींचा समज झाल्याचे सांगतात. तो नेपोलियन नाही हे कळल्यावरही त्याला गोळी घालण्याचा हुकूम झालाच. पण शिक्षेच्या वेळी हजर असलेल्या एका प्रशियन शल्यचिकित्सकाने त्याचा चेहरा ओळखला. काही वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये याच माणसाची व्याख्याने त्याने विद्यार्थी म्हणून ऐकली होती. कैद्याची रवानगी मग सेनापती ब्ल्यूशर यांच्याकडे झाली. ब्ल्यूशर यांचा मुलगा पूर्वीच्या एका मोहिमेत जखमी होऊन फ्रेंचांच्या हाती सापडला असता, त्याच्यावर उपचार करणाराही हाच माणूस होता. गोळी टळली आणि कैदी सन्मानाने मायदेशी परतला.

त्या माणसाचे नाव दॉमिनिक-जाँ लारे. जखमी माणूस दवाखान्यापर्यंत पोहोचण्याची वाट न पाहता दवाखान्यानेच त्याच्याकडे धाव घ्यावी, हा विचार युद्धभूमीवर प्रत्यक्षात आणला तो लारे यांनी. जखमींत कोण सरदार आणि कोण साधा शिपाई, कोण आपला आणि कोण शत्रूचा हे न पाहता ज्याची जखम अधिक गंभीर त्याला आधी हात लावायचा, हा नियमही त्यांचाच. या दोन गोष्टींसाठी जग त्यांना ओळखते. परंतु त्यांच्या आयुष्याला आणखी एक बाजू आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. मलमपट्टी शिकलेल्या पोराच्या हाती करवत कधी द्यायची, साहाय्यकाला मुख्य केव्हा करायचे आणि स्वतःच्या मनाला वाटले तरी पुढची पायरी चढायला आपण खरोखर तयार आहोत का, हे प्रश्न लारे यांच्यासमोर जन्मभर उभे राहिले. उत्तर चुकले तर किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजायची होती.

लारे यांचा जन्म ८ जुलै १७६६ रोजी पिरेनीज पर्वताच्या कुशीतील बोदेआँ या खेड्यात झाला. वडील चांभारकाम करीत. ते अकालीच गेले. गावच्या धर्मगुरूने मुलाला अक्षरओळख आणि थोडे लॅटिन शिकवले. तेराव्या वर्षी हा मुलगा घर सोडून पायी तुलूझला निघाला. तेथे त्याचे काका अलेक्सी लारे नामांकित शल्यचिकित्सक होते. त्यांच्या हाताखाली त्याची उमेदवारी सुरू झाली.

त्या काळी शल्यचिकित्सा ही निम्मी विद्या आणि निम्मी कारागिरी होती. केशकर्तनाच्या धंद्याशी असलेले तिचे नाते तुटून फार दिवस झाले नव्हते. वैद्याची पदवी वेगळी, शल्यचिकित्सकाची वाट वेगळी. उमेदवाराने आधी भांडी घासायची, पट्ट्या धुवायच्या, मग जखमा धुवायच्या, नंतर रुग्णाला धरून ठेवायचे आणि पुष्कळ दिवसांनी कधीतरी हत्यार हाती घ्यायचे, अशी ती रीत होती. भूल देण्याची सोयच नव्हती. ईथरचा जाहीर प्रयोग व्हायला अजून साठ-पासष्ट वर्षे होती. त्यामुळे शल्यचिकित्सकाचा हात स्थिर तर हवाच, पण विजेसारखा चपळही हवा. पुस्तक वाचून असा हात तयार होत नाही. काकांच्या देखरेखीखाली सुमारे सहा वर्षे काढल्यानंतर, हाडांच्या रोगावर प्रबंध लिहून, लारे १७८७ मध्ये पॅरिसला आले.

तेथे पोहोचताच नौदलासाठी शल्यचिकित्सक हवे असल्याची वार्ता त्यांच्या कानी आली. स्पर्धा परीक्षा झाली आणि लारे निवडले गेले. पुन्हा पायी प्रवास, या वेळी ब्रेस्त बंदरापर्यंत. विशी नुकतीच ओलांडलेला हा तरुण 'व्हिजिलांत' या युद्धनौकेचा मुख्य शल्यचिकित्सक झाला. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील फ्रेंच मच्छीमारांच्या संरक्षणासाठी ही नौका १७८८ मध्ये अटलांटिक पार करून गेली. मुख्य हा शब्द मोठा खरा, पण समुद्रावर चुकीची दुरुस्ती करायला वर कोणी नसते, हे त्याचे दुसरे अंग. थंडी, धुके, खलाशांचे आजार आणि स्वतःला सतत लागणारी बोट यांनी लारे बेजार झाले. सफर संपली तेव्हा त्यांनी नौदलाचा निरोप घेतला.

पुढे त्यांनी जे केले ते त्यांच्या वयाच्या महत्त्वाकांक्षी तरुणाला सहसा सुचत नाही. युद्धनौकेवर मुख्य म्हणून वावरलेला हा माणूस पॅरिसच्या ओतेल-दिय रुग्णालयात पुन्हा विद्यार्थी म्हणून दाखल झाला. तेथे पिएर देसो शिकवीत असत. रुग्णाच्या खाटेभोवती विद्यार्थ्यांना उभे करून, जखम दाखवून, तिच्यावर उपचार करता करता शिकवण्याची देसो यांची पद्धत त्या काळात नवी होती. जखमेतील मेलेले आणि चिरडलेले मांस कापून काढून ती स्वच्छ करावी, हा धडा लारे यांनी तेथे घेतला. त्याच सुमारास ते इन्व्हालिद या माजी सैनिकांच्या रुग्णालयात साबातिए यांच्या हाताखालीही काम करू लागले. वरच्या हुद्द्यावरून खालच्या बाकावर येण्यात त्यांना कमीपणा वाटल्याचे कुठे दिसत नाही. समुद्रावर त्यांना आपल्या ज्ञानाच्या मर्यादा कळल्या असाव्यात. १७८९ चे वर्ष उजाडले आणि पॅरिसच्या रस्त्यांनीच त्यांच्यापुढे जखमी आणून टाकले. एप्रिलमधील दंगल, जुलैमधील बास्तीयवरील हल्ला, बंदुकीच्या गोळ्यांच्या जखमा. युद्धावर जाण्याआधीच लारे यांनी युद्धाच्या जखमा हाताळल्या, त्या पॅरिसमध्ये आणि गुरूंच्या देखत.

१७९२ च्या वसंतात फ्रान्सने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि लारे ऱ्हाईन नदीवरील सैन्यात रुजू झाले. तेथे त्यांनी जे पाहिले ते भयंकर होते. फिरती रुग्णालये सैन्याच्या मागे एक लीग, म्हणजे साधारण चार ते पाच किलोमीटरवर ठेवावीत, असा नियम होता. लढाई संपेपर्यंत ती पुढे येत नसत. जखमी जिथे पडला तिथेच पडून राही. अवजड गाड्या चिखलातून वाट काढीत येईपर्यंत चोवीस, कधी छत्तीस तास उलटत. तोवर बहुतेकांचा निकाल लागलेला असे. त्याच रणांगणावर घोड्यांच्या हलक्या तोफा मात्र क्षणात या टोकाकडून त्या टोकाकडे धावताना दिसत. तोफ इतक्या वेगाने धावू शकते, तर शल्यचिकित्सक का नाही? या साध्या प्रश्नातून 'उडती रुग्णवाहिका' जन्मली. सपाट मुलखासाठी दोन चाकांची आणि दोन घोड्यांची हलकी गाडी, डोंगराळ मुलखासाठी चार चाकांची आणि चार घोड्यांची. पहिलीत दोन जखमी आडवे झोपू शकत, दुसरीत चार. आत गाद्या, बाजूला हवेसाठी खिडक्या.

गाडीचे कौतुक सगळे करतात. तिच्यामागची माणसांची रचना अधिक विचार करण्याजोगी आहे. १७९७ मध्ये इटलीत या पथकाला पूर्ण रूप आले. तीन तुकड्या, एकूण सुमारे ३४० माणसे. प्रत्येक तुकडीवर पहिल्या श्रेणीचा एक मुख्य शल्यचिकित्सक, त्याच्या हाताखाली दुसऱ्या श्रेणीचे दोन साहाय्यक आणि त्यांच्या हाताखाली तिसऱ्या श्रेणीचे बारा कनिष्ठ. त्याखेरीज घोड्यावरचे आणि पायी शुश्रूषक, गाडीवान, सामान सांभाळणारे. प्रत्येकाचे काम ठरलेले. कनिष्ठाने रक्तस्राव थांबवायचा, पट्टी बांधायची, मोडलेल्या हाडाला आधार द्यायचा आणि जखमीला गाडीत चढवायचे. हात किंवा पाय कापायचा की वाचवायचा, हा निर्णय त्याचा नव्हे. तो वरच्याने घ्यायचा. मात्र वरचा माणूस मागच्या रुग्णालयात आरामात बसलेला नसे. तो तोफांच्या माऱ्यात, त्याच मैदानावर असे. जुन्या व्यवस्थेत आघाडीवरच्या जखमीच्या वाट्याला अनेकदा सर्वांत अडाणी हात येई आणि अनुभवी हात पाठीमागे राही. लारे यांनी हा क्रम उलटा केला. त्यामुळे जखमींचा फायदा झालाच. शिवाय कनिष्ठाला मुख्याचे काम रोज, जवळून, प्रत्यक्ष पाहता येऊ लागले. रणांगण हीच शाळा झाली.

शाळेची गरज किती होती हे समजण्यासाठी तेव्हाच्या फ्रान्सकडे पाहावे लागते. क्रांतीच्या उत्साहात १७९२ मध्ये जुनी विद्यापीठे आणि त्यांच्याबरोबर वैद्यक विद्याशाखाही बंद करण्यात आल्या. वैद्यकीचा धंदा कोणालाही करता येईल, अशी अवस्था आली. नेमक्या त्याच वेळी लाखोंचे सैन्य उभे राहत होते. लढाया आणि साथीचे ताप यांत शेकडो सैनिकी शल्यचिकित्सक दगावले. त्यांच्या जागी कोण? चार महिने औषधांच्या दुकानात काढलेली पोरे, न्हाव्याचे मदतनीस, लष्करात बंदूक धरण्यापेक्षा सुरी बरी म्हणून आलेले तरुण. १७९४ च्या अखेरीस पॅरिस, माँपेलिए आणि स्ट्रासबूर येथे आरोग्यशाळा निघाल्या खऱ्या, पण सैन्याची भूक त्यांच्याने भागणारी नव्हती. माणूस तयार होण्याआधीच त्याला पुढच्या पायरीवर ढकलणे ही त्या युगाची गरजच होऊन बसली होती.

लारे यांनी या गरजेवर काढलेला उपाय त्यांच्या स्वभावाला साजेसा होता. मोहीम थांबली, सैन्य छावणीत विसावले, की ते शरीररचनेचे आणि शस्त्रक्रियेचे वर्ग सुरू करीत. उत्तर इटलीतील शहरांत त्यांनी असे वर्ग चालवले. १७९६ मध्ये पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात ते अध्यापक झाले होते. १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तला गेले, तेव्हा कैरोमध्येही तरुण शल्यचिकित्सकांसाठी त्यांनी शाळा काढली. वाळवंटात गाडीची चाके रुतत, म्हणून उंटाच्या दोन बाजूंना झोळीवजा पेट्या बांधून त्यांत जखमींना झोपवण्याची युक्ती त्यांनी काढली, ती याच मोहिमेत. सिरियात जखमांत पडलेल्या अळ्या मेलेले मांस तेवढे खातात आणि जखम लवकर भरते, हे निरीक्षणही तेथलेच. किळस बाजूला ठेवून नीट पाहण्याची ही सवय विद्यार्थ्यांना लागावी, असा त्यांचा आग्रह असे.

आणि आता अवयवच्छेदनाचा प्रश्न. बंदुकीच्या किंवा तोफेच्या गोळ्याने हाड चुरडलेला हात-पाय ताबडतोब कापावा की काही आठवडे थांबून, रुग्ण सावरल्यावर? अठराव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधील मोठमोठ्या जाणकारांचे मत थांबण्याच्या बाजूने होते. लारे यांचा अनुभव नेमका उलट होता. पहिल्या चोवीस तासांत अंग बधिर असते, ताप चढलेला नसतो, जखम सडू लागलेली नसते. कापायचेच असेल तर तेव्हाच. अर्थात या मताला एक अट चिकटलेली होती. लवकर कापायचे तर आघाडीवर कापता येणारा आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे केव्हा कापू नये हे कळणारा माणूस हवा. अर्धवट शिकलेल्याच्या हाती हा सिद्धांत पडला तर वाचू शकणारे पायही जातील. त्यांच्या हातून गरजेपेक्षा जास्त अवयव कापले गेले, अशी टीका पुढच्या काळात झाली आणि तिच्यात तथ्य नाही असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. जंतूंचे ज्ञान नसलेल्या जगात त्यांचा हिशेब मात्र सरळ होता: पाय गेलेला जिवंत माणूस की पाय असलेला मृत?

१८०३ मध्ये एक गमतीची गोष्ट घडली. वैद्यकीच्या बेबंदशाहीला आळा घालण्यासाठी फ्रान्सने नवा कायदा केला. आता दोन श्रेणी असणार होत्या. एक, परीक्षा आणि प्रबंध पूर्ण केलेला डॉक्टर. दुसरी, 'आरोग्य अधिकारी': एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली सहा वर्षे, किंवा रुग्णालयात सलग पाच वर्षे, किंवा वैद्यक शाळेत तीन वर्षे काढलेला. या दुसऱ्याने आपल्याच जिल्ह्यात काम करायचे आणि जवळपास डॉक्टर असेल तर त्याच्या देखरेखीशिवाय मोठी शस्त्रक्रिया करायची नाही. खेड्यापाड्यांना डॉक्टर मिळत नाहीत म्हणून काढलेली ही मधली पायरी फ्रान्समध्ये जवळजवळ नव्वद वर्षे टिकली आणि सतत वादात राहिली. लारे यांनी त्याच वर्षी पॅरिसमध्ये डॉक्टरची पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता बंदुकीच्या जखमांनंतरचे अवयवच्छेदन. दहा-अकरा वर्षे तीन खंडांत शस्त्रक्रिया केलेला हा माणूस त्या विषयावर परीक्षकांसमोर उभा राहिला. परीक्षक त्याला काय विचारणार होते, हा प्रश्नच आहे.

पुढची बारा वर्षे युद्धांची. फेब्रुवारी १८०७ मध्ये आयलाऊच्या बर्फात हत्यार धरलेली बोटे गारठत होती. मे १८०९ मध्ये एस्लिंगला नेपोलियनचे जिवलग सेनापती मार्शल लान यांचा पाय लारे यांनी कापला, तरी लान वाचले नाहीत. त्याच लढाईत डॅन्यूबमधील लोबाऊ बेटावर हजारो जखमी अडकले, तेव्हा घोडे मारून त्यांचे सूप लोखंडी छातीकवचांत शिजवण्याची आणि मीठ नाही म्हणून बंदुकीची दारू वापरण्याची व्यवस्था त्यांनी केली. सप्टेंबर १८१२ मध्ये बोरोदिनोला त्यांनी चोवीस तासांत सुमारे दोनशे अवयवच्छेदने केली. माघारीत बेरेझिना नदीच्या पुलावर गर्दीने माणसे चिरडली जात होती, तेव्हा सैनिकांनी लारे यांना ओळखले आणि डोक्यांवरून, हातोहात, पलीकडे पोहोचवले. ज्या सैनिकांना स्वतःला पार होण्याची खात्री नव्हती, त्यांनी हे केले.

मात्र त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कसोटी रणांगणावर झाली नाही. ती झाली १८१३ च्या उन्हाळ्यात, ड्रेस्डेनमध्ये. रशियात सैन्य संपल्यावर नेपोलियनने कोवळी पोरे भरती केली होती. काही आठवड्यांची कवायत आणि थेट लढाई. ल्युत्झेन आणि बाउत्झेनच्या लढायांनंतर हाताच्या आणि बोटांच्या जखमा झालेल्यांची संख्या एवढी मोठी दिसली, की लढाई टाळण्यासाठी पोरांनी स्वतःच बोटे उडवून घेतली, असा आरोप वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांनी केला. या गुन्ह्याची शिक्षा मृत्यू. नेपोलियनचीही तशी खात्री पटत चालली होती. चौकशीसाठी शल्यचिकित्सकांची समिती नेमली गेली आणि अध्यक्ष लारे. सम्राटाला काय ऐकायचे आहे हे सर्वांना ठाऊक होते. समितीने २,६३२ सैनिक एकेक करून तपासले. निष्कर्ष निघाला की एकही दोषी नाही. सैन्य तीन रांगांत उभे राहून गोळीबार करी. मागच्या रांगेतील नवशिके शिपाई पुढच्याच्या खांद्यावरून बंदूक झाडत आणि पुढच्यांचेच हात जायबंदी करीत. शिवाय चढणीवर हल्ला करताना बंदूक पुढे धरलेले हातच आधी गोळीच्या वाटेत येत. गुन्हा पोरांचा नव्हता. पुरते शिकवण्याआधी त्यांना रांगेत उभे केले गेले होते. लारे यांनी अहवाल जसाच्या तसा सादर केला. नेपोलियन अस्वस्थ झाला, पण तो मान्य केला. त्याने लारे यांना आपले हिरेजडित चित्र आणि तीन हजार फ्रँकचे वार्षिक वेतन दिले.

लारे यांच्या गौरवात एक गोष्ट झाकली जाते. त्यांच्या उडत्या रुग्णवाहिकांचा खरा लाभ बराच काळ मुख्यतः सम्राटाच्या खास रक्षकदलाला मिळाला. उरलेल्या प्रचंड सैन्याच्या वाट्याला जुन्याच गाड्या आणि जुनेच हाल आले. त्यांचे ज्येष्ठ सहकारी पिएर-फ्रान्स्वा पेर्सी यांनी शल्यचिकित्सकांचे स्वतंत्र, कायमस्वरूपी दल असावे म्हणून जिवाचे रान केले. जखमी वाहून नेणाऱ्या प्रशिक्षित भोयांची पथके ही त्यांची कल्पना. पण पुरवठा खात्याच्या कारकुनांच्या मुठीतून वैद्यकीय सेवा सुटली नाही. तह झाला की शल्यचिकित्सकांना घरी पाठवायचे आणि युद्ध पेटले की पुन्हा नवशिके गोळा करायचे, हे चक्र नेपोलियनने कधी थांबवले नाही. लारे यांच्यावर त्याचा जीव होता. मृत्युपत्रात त्याने त्यांच्यासाठी एक लाख फ्रँक ठेवले आणि आपण पाहिलेला सर्वांत सच्छील माणूस म्हणून त्यांचा उल्लेख केला. पण लारे यांनी सांगितलेली व्यवस्था काही त्याने साऱ्या सैन्याला दिली नाही.

वॉटर्लूनंतर लारे यांचे वेतन गेले आणि काही वर्षांनी ते परत मिळाले. लष्करी शस्त्रक्रियेवरील आठवणींचे त्यांचे खंड १८१२ ते १८१७ या काळात प्रसिद्ध झाले आणि युरोप-अमेरिकेत वाचले गेले. १८२९ मध्ये ते विज्ञान अकादमीत निवडले गेले. उशिरा त्यांना इन्व्हालिदचे मुख्य शल्यचिकित्सकपद मिळाले. जिथे चाळीस वर्षांपूर्वी ते साबातिए यांच्या मागे पट्ट्यांचे ताट घेऊन फिरत, तेच ते रुग्णालय. पत्नी शार्लोत-एलिझाबेथ चित्रकार होती, दाविद यांची शिष्या. १७९४ मध्ये लग्न झाल्यापासून तिचे निम्मे आयुष्य युद्धभूमीवरून येणाऱ्या पत्रांची वाट पाहण्यात गेले. मुलगा इपोलित वडिलांच्याच वाटेने लष्करी शल्यचिकित्सक झाला.

१८४२ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, लारे अल्जीरियातील लष्करी रुग्णालयांच्या तपासणीला निघाले. सोबत इपोलित होता. परतीच्या वाटेवर ते आजारी पडले आणि लियाँ येथे २५ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. पॅरिसजवळ त्यांची पत्नी तीन दिवस आधीच वारली होती. ती बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. आपल्या जुन्या सैनिकांच्या सहवासात, इन्व्हालिदच्या आवारात आपले दफन व्हावे अशी त्यांची इच्छा होती. सरकारने ती नाकारली आणि पेर लाशेझच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. दीडशे वर्षांनी, १९९२ मध्ये, त्यांचे अवशेष इन्व्हालिदमध्ये हलवण्यात आले.